समुद्रावर असलेल्यांची यादी

आमच्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्साच्या, म्हणजे मुख्य उपासनेच्या, आधी नावं वाचण्याचं काम गेली कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. शाळेतून निवृत्त झाले तेव्हा आधीच्या फादरांनी ते माझ्या गळ्यात घातलं. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, आणि घरी वाट बघणारं कुणी नाही. मीही ते आनंदाने घालून घेतलं. खोटं कशाला बोलू, मला माइक आवडतो. सदतीस वर्षं भाईंदरच्या एका मराठी शाळेत वर्गासमोर उभी राहिलेली बाई अचानक गप्प कशी बसणार?

नावांच्या तीन याद्या असतात. पहिली आजाऱ्यांची, दुसरी समुद्रावर असलेल्यांची आणि तिसरी दिवंगतांची. शहरातल्या चर्चमध्ये दुसरी यादी नसते. उत्तनजवळचं आमचं पाली गाव मासेमारीवर जगतं आणि बोटी आठ-आठ दिवस बाहेर असतात, म्हणून आमच्याकडे ती असते. शनिवारी संध्याकाळी बायका येतात, नवऱ्याचं, मुलाचं, भावाचं नाव सांगतात, मी वहीत लिहून घेते. बोट परत आली की नाव खोडायचं. रविवारी एकेक नाव वाचलं की सगळं चर्च म्हणतं, 'प्रभू, आमची प्रार्थना ऐक.'

या वहीतलं एक नाव मी एका यादीतून काढलं आणि दुसऱ्या यादीत घातलं. पेनाच्या दोन रेघांचं काम. आज दोन वर्षं झाली, तरी वही उघडली की कानशिलं तापतात. ते नाव ज्या बाईच्या मुलाचं होतं तिच्याबद्दल आधी सांगते. माझ्याबद्दल सांगण्यासारखं जे आहे ते त्यातच येईल.

रेजीनबाय माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान. नवरा पेदरू स्वतःच्या बोटीवर तांडेल, म्हणजे कप्तान, होता, हृदयविकाराने गेला तेव्हा मुलगा निकेत आठवीत होता. तो माझाच विद्यार्थी. अक्षर भयंकर, गणित त्याहून भयंकर, पण शाळेतल्या कुठल्याही पोराची सायकल बिघडली की दुरुस्त करायला हाच पुढे. रेजीनबाय वर्षातून एकदा शाळेत यायची, माझ्यासमोर हात जोडून म्हणायची, "बाई, त्याला पास करा नायतर मारा, काय ते तुम्ही बघा." मी त्याला पास केलं. नंतर त्याने बापाची बोट हातात घेतली आणि घर चालू लागलं.

रेजीनबायचा दिवस पहाटे सुरू होतो. बंदरावर मासळी उचलायची, पहिल्या बसने भाईंदर स्टेशन, पूल ओलांडून पूर्वेला, तिथून रिक्षाने इंद्रलोक. तिथल्या एका सोसायटीच्या गेटजवळ तिची जागा ठरलेली आहे. वॉचमनशी हिंदी, मारवाडी बायकांना बघून मासळीच्या पाटीवर ताडपत्री ओढून घ्यायची, त्यांनी नाक मुरडण्याच्या आत, आणि गिरगाव-दादरहून राहायला आलेल्या मराठी बायकांशी हक्काने भांडायचं. एकदा मी तिच्यासोबत गेले होते. एक बाई पापलेटचे कल्ले उघडून उघडून बघत होती, तर ही म्हणाली, "ताई, लग्नासाठी बगताय काय?" ती बाई हसली आणि दोन पापलेटं घेऊन गेली. दुपारी परत येऊन बोंबील सुकवायचे. जबड्यात जबडा अडकवून बोंबलांच्या जोड्या बांबूच्या आडव्या काठ्यांवर टांगायच्या, पाऊस येईल का ते बघायचं, कावळे हाकलायचे. संध्याकाळी गल्लीतल्या क्रुसापाशी जपमाळ. तिथे मी पुढे आणि ती मागे.

मी नेहमी पुढे असायचे, हे लक्षात ठेवा.

तौक्ते वादळ आलं तो सोमवार होता, मे महिना, कोरोनाचं दुसरं वर्ष. इशारा आधीच आला होता, त्यामुळे सगळ्या बोटी परतल्या होत्या आणि किनाऱ्यापासून थोड्या आत नांगरून ठेवल्या होत्या. निकेतचीही होती. सकाळी वारा इतका वाढला की तिचा नांगर घसरायला लागला. बोट खडकांकडे सरकताना किनाऱ्यावरून दिसत होती. निकेत आणि सहादेव नावाचा खलाशी, दोघं लहान होडीतून दुसरा नांगर टाकायला गेले. रेजीनबाय त्याला नको म्हणाली. तो म्हणाला, "आये, दहा मिनिटांत येतो." होडी उलटली. सहादेव खडकाला लागला आणि वाचला, त्याचे दोन्ही गुडघे फुटले होते. निकेत दिसला नाही. बोट मात्र वाचली. दुसऱ्या दिवशी वारा पडला तेव्हा ती जिथे होती तिथेच डुलत होती, जणू काही झालंच नाही.

आठ दिवस गावाने शोध घेतला. उत्तनपासून वसईच्या खाडीपर्यंत बोटी फिरल्या. मृतदेह सापडला नाही. तेव्हा चर्च लोकांसाठी बंद होतं, मिस्सा मोबाइलवर होत होती आणि नावं मी घरातूनच फोनवर वाचत होते. त्या शनिवारी रेजीनबाय माझ्या दारात आली. तोंडाला मास्क, केस विस्कटलेले. म्हणाली, "बाई, निकेतचं नाव लिहा. समुद्रावर."

मी लिहिलं. कोण नाही म्हणणार?

पुढच्या शनिवारी पुन्हा आली. त्याच्या पुढच्याही. चर्च उघडलं, मास्क गेले, नव्या बोटी आल्या, निकेतच्या बरोबरीच्या पोरांची लग्नं झाली, आणि रेजीनबाय दर शनिवारी येत राहिली. "निकेत. समुद्रावर." तिने बोट विकली नाही, आपल्या चुलतभावाला चालवायला दिली. घरात निकेतचा फोटो लावला नाही, कारण आमच्याकडे भिंतीवरचा फोटो म्हणजे गेलेला माणूस. मृतात्म्यांच्या दिवशी, दोन नोव्हेंबरला, सगळं गाव मेणबत्त्या आणि फुलं घेऊन कबरस्तानात जातं, आपापल्या माणसांच्या कबरी सजवतं. ती पेदरूच्या कबरीवर मेणबत्ती लावून लगेच परत यायची.

मला ते खुपायला लागलं होतं. हे मी आज पहिल्यांदा कबूल करतेय. दुःख मला खुपत नव्हतं, मला खुपत होती ती यादी. दर रविवारी त्या नावापाशी माझा आवाज अडखळायचा, लोक माना खाली घालायचे, तरुण पोरं एकमेकांकडे बघायची. एकदा बाहेरचे एक पाहुणे मला विचारून गेले, "हा निकेत कोणत्या बोटीवर आहे? बरेच दिवस बाहेर आहे." मनात आलं, ही बाई माझं हसं करतेय. तिचा मुलगा गेला होता आणि मला माझ्या हशाची पडली होती.

मग वादळानंतरचा तिसरा नोव्हेंबर आला. धर्मप्रांतातून काही पाहुणे येणार होते, 'आपत्तीनंतरची आशा' या विषयावर कार्यक्रम होता. वादळानंतर आपली गावं कशी उभी राहिली, श्रद्धेने लोकांना कसं सावरलं, हे त्यांना ऐकायचं होतं. आमचे आताचे फादर स्वप्नील मला म्हणाले, "उर्मिलाबाई, पाच मिनिटं तुम्ही बोला. आपलं गाव तुम्हाला माहीत आहे."

मी दोन दिवस भाषण लिहिलं. वादळ लिहिलं, मोडलेल्या बोटी लिहिल्या, पुन्हा विणलेली जाळी लिहिली. पण भाषणाला चेहरा हवा होता. आणि चेहरा माझ्यासमोर तयार होता, फक्त त्याला थोडं नीटनेटकं करायला हवं होतं. मी वही उघडली, समुद्रावर असलेल्यांच्या यादीतून निकेतचं नाव खोडलं आणि दिवंगतांच्या यादीत अगदी शेवटी लिहिलं. मनाला समजावलं की मी तिचंच भलं करतेय. कुणीतरी कधीतरी हे करायलाच हवं होतं. दिवंगतांचाच महिना आहे, प्रसंगही आहे. एवढी कारणं शोधायला लागली, यातच सगळं आलं.

रविवारी चर्च भरलं होतं. मी समुद्रावरच्यांची यादी वाचली, निकेतविना. दिवंगतांची वाचली. 'निकेत पेदरू मुनीस.' लोकांनी एकमेकांकडे बघितलं, मग म्हणाले, 'प्रभू, आमची प्रार्थना ऐक.' मिस्सा झाल्यावर पाहुण्यांसमोर मी बोलले. शेवटी म्हणाले, "आमच्या गल्लीतली एक आई मला म्हणाली, बाई, माझा निकेत आता देवाच्या घरी आहे. मी शांत आहे. ही आपली आशा."

ती असं कधीच म्हणाली नव्हती. ते वाक्य मी आदल्या दिवशी जेवणानंतर बसून रचलं होतं आणि दोनदा मोठ्याने म्हणून बघितलं होतं, चांगलं वाटतं का ते.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणी डोळे पुसले. आणि मागून चौथ्या बाकावरून रेजीनबाय उठली. तिने माझ्याकडे बघितलं नाही. पदर सावरला आणि बाजूच्या दारातून बाहेर गेली. आमच्याकडे मिस्साच्या मधून कुणी उठून जात नाही, तेव्हा मिस्सा संपली होती खरी, तरी सगळ्यांना कळलं की ती उठून गेलीय. माझ्या हातात भाषणाचा कागद होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तेव्हाही मी स्वतःला म्हणाले, तिला थोडा वेळ लागेल, मग कळेल तिला.

गुरुवारी मी तिच्याकडे गेले. ती घरामागे बोंबील टांगत होती. मी शहाणपणा करत सुरुवात केली, "रेजीन, राग आलाय तुला, मला कळतंय. पण कधीतरी स्वीकारायला हवं..."

तिने हातातली बोंबलांची जोडी काठीवर टाकली. "दर्यानं त्याला मारला का न्हाय, ते मला ठाऊक न्हाय," ती म्हणाली. "पन तू मारलास. माझ्या तोंडानं."

आयुष्यात पहिल्यांदा तिने मला 'तू' म्हटलं होतं.

मी काहीतरी पुटपुटले, की मला वाटलं तुला बरं वाटेल. ती पुन्हा बोंबील उचलायला लागली आणि बोलत राहिली, आवाज न चढवता. "इंद्रलोकच्या त्या मृणालिनीताई हायत ना, पापलेटचे कल्ले बघनाऱ्या? त्या बामनाच्या हायत. चर्च न्हाय, काय न्हाय. दर मंगलवारी इचारतात, मावशी, मुलाचं काही कळलं का? मी म्हनते, अजून न्हाय. त्या म्हनतात, बरं. इतकंच. तू अडीच वर्सांत एकदा तरी इचारलंस? नाव लिवून घेतलंस, वाचलंस. इचारलंस कधी?"

नव्हतं विचारलं. एकदाही नाही. अडीच वर्षं दर शनिवारी ती माझ्यासमोर उभी राहायची आणि मी पेनाची टोपी उघडायचे. मी तिथून निघाले तेव्हा गल्लीत शेजारच्या बायका भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असणार. कुणी माझ्याकडे वर मान करून बघितलं नाही, ते बघण्यापेक्षा वाईट होतं.

त्या शनिवारी तिने नाव दिलं नाही. पुढच्याही नाही. ती चर्चला आली नाही, क्रुसापाशी जपमाळेलाही आली नाही. मी पुढे उभी राहून जपमाळ म्हणायचे आणि मागची जागा रिकामी असायची. गावात मला कुणी काही बोललं नाही. आमची माणसं तोंडावर बोलत नाहीत, चहाला बोलवायचं बंद करतात.

शेवटी मी फादर स्वप्नीलांकडे पापनिवेदनाला गेले. ते माझ्या मुलाच्या वयाचे, मला मुलगा असता तर. सगळं सांगितलं, रडलेही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, देव क्षमा करतो, त्याची काळजी करू नका. पण तुम्ही हे माझ्या कानात सांगताय, आणि केलंत माइकवर."

मला कळलं ते काय म्हणताहेत. मी मान डोलावली. आणि मग तीन आठवडे टाळलं.

आगमनकाळ सुरू झाला होता. नाताळच्या आधीचे चार रविवार, दर रविवारी एक मेणबत्ती. लहान मुलांना मी वर्षानुवर्षं शिकवत आलेय की हे वाट बघण्याचे दिवस. ज्याची वाट बघतोय तो कधी येणार हे माहीत नसताना दिवा लावून ठेवायचा. पहिल्या रविवारी मी घसा बसल्याचं सांगून वाचायचं टाळलं. घसा चांगला होता. घरी बसून मला तेच माझं शिकवलेलं आठवत राहिलं. सगळ्या चर्चमध्ये वाट बघणारी खरी एकच बाई होती, आणि मी तिला समजावायला गेले होते की वाट बघणं थांबव, म्हणजे आमची आशा पाहुण्यांना नीट दिसेल. मी जिला आशा म्हणत होते ती होती गोष्ट एकदाची मिटवून टाकण्याची घाई. इतकी वर्षं धर्मशिक्षण शिकवणाऱ्या बाईला हे कळू नये याची मला आजही लाज वाटते. आजही म्हणजे आज, हे लिहिताना.

तिसऱ्या रविवारी मी माइकसमोर उभी राहिले. समोर वही होती, कागद नव्हता. भाषण लिहिलं असतं तर पुन्हा चांगलं लिहिलं असतं.

"याद्या वाचण्याआधी मला काही सांगायचंय," मी म्हणाले. "पाच नोव्हेंबरला मी निकेतचं नाव दिवंगतांमध्ये वाचलं. त्याच्या आईने मला तसं सांगितलं नव्हतं. नंतर मी तिच्या नावाने जे बोलले तेही ती कधी बोलली नव्हती, ते मी रचलेलं होतं. तो कुठे आहे हे मला माहीत नाही. तिलाही माहीत नाही. मी तिच्या घरात जाऊन तिचा दिवा विझवला, तोही विचारल्याशिवाय." मग मी समुद्रावरच्यांची यादी वाचली आणि शेवटी, "निकेत पेदरू मुनीस."

कुणी तरी खोकलं. उत्तर आलं ते विस्कळीत, अर्ध्या लोकांचं. बाहेर पडताना एक बाई म्हणाली, "कशाला गं उकरून काढलंस? मिटलं होतं ना?" एकाने सांगितलं, असं माइकवरून बोलायचं नसतं, चर्चची शोभा जाते. मी मान खाली घालून ऐकलं. रेजीनबाय आलीच नव्हती, तिने काही ऐकलं नाही. मला वाटलं, आता झालं ते झालं, आपण वही दुसऱ्या कुणाला तरी देऊ.

शनिवारी संध्याकाळी चर्चच्या मागच्या खोलीत मी वही घेऊन बसले होते, नाताळची रांग होती. खलाशांच्या बायका नावं देऊन गेल्या. शेवटी दारात रेजीनबाय उभी. बोंबलांचा वास तिच्या आधी आत आला. तिला कुणीतरी सांगितलं असणार, गावात काय लपून राहतं?

ती टेबलासमोर आली. मी पेन उचललं नाही. आधी विचारलं, "रेजीन, निकेतचं काही कळलं का गं?"

तिने माझ्याकडे बघितलं. "न्हाय," ती म्हणाली. "अजून न्हाय."

"बरं," मी म्हणाले. मग पेन उचललं.

"लिही," ती म्हणाली. "निकेत. समुद्रावर."

मी लिहिलं. ती गेली नाही.

"अजून एक लिही त्याच यादीत. उर्मिला."

मला वाटलं दुसऱ्या कुठल्या तरी उर्मिलाबद्दल बोलतेय. विचारलं, "कोण उर्मिला? आणि समुद्रावर कशी?"

"तू. तू तरी कुठं आलीस अजून परत." आणि ती पदर खोचून निघून गेली, पुढच्या बसची वेळ झाल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी चौथी मेणबत्ती लावली. मी यादी वाचत गेले, सोळा नावं होती, मग निकेत, मग माझं. स्वतःचं नाव माइकवर वाचलं. लोकांना काही कळेना, उत्तर आलंच नाही. मी वहीतून नजर वर केली नाही. मग मागून चौथ्या बाकावरून एकच आवाज आला, जाडा, रोज गेटवर ओरडून फाटलेला, "प्रभू, आमची प्रार्थना ऐक." त्यानंतर सगळ्यांचा आला.

आता दर शनिवारी ती दोन नावं देते. आधी मी विचारते, काही कळलं का, आणि ती सांगते, अजून नाही. मग मी लिहिते. एकदा मी तिला भीत भीत म्हटलं, माझं नाव आता खोडू का? तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, राहू दे.